मंडळात 41, गावात 118

शेतीच्या नुकसानीचा पंचनामा शेतात सुरू होतो असे बाहेरच्यांना वाटते, पण त्याची सुरुवात महसूल मंडळाच्या, म्हणजे काही गावांच्या गटाच्या, पर्जन्यमापकापाशी होते. 24 तासांत मंडळात 65 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस नोंदला गेला, तर ती अतिवृष्टी. मग शेतातले नुकसान 33 टक्क्यांच्या पुढे आहे की नाही हे पाहायला तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक असे आम्ही तिघे निघतो. हे 24 तास सकाळी साडेआठपासून दुसऱ्या दिवशीच्या साडेआठपर्यंत मोजतात. त्यामुळे पहाटे सुरू होऊन दहापर्यंत कोसळलेला पाऊस दोन तारखांत वाटला जातो आणि कधीकधी दोन्ही तारखांना मंडळ 65 च्या आतच राहते. मी कृषी सहायक आहे. हा निकष ठरवणे माझ्या हातात नाही, तो वापरणे मात्र मलाच भाग आहे. 2023 च्या खरिपात या निकषाने मला जिथे आणून उभे केले, तिथून मी मनाने अजून हललेले नाही.

गाव बीड जिल्ह्यातले, बालाघाटाच्या रांगेवरचे. वरच्या अंगाला बरड आणि मुरमाड जमीन, खाली ओढ्याकाठी थोडी काळी. त्या वर्षीचा ऑगस्ट देशभरात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. पाऊस सरासरीपेक्षा 36 टक्के कमी झाला. आमच्याकडे सोयाबीन ऐन फुलोऱ्यात असताना पाऊस दडून बसला. पावसाचा खंड सलग 21 दिवसांच्या पुढे गेला की तेव्हाच्या पीकविम्यात 25 टक्के अग्रिम भरपाईचा मार्ग मोकळा होत असे, आणि आमचे मंडळ त्या यादीत बसले. मग सप्टेंबरच्या शेवटी एका रात्री याच गावावर असा पाऊस पडला की सकाळी शाळेकडे जाणारा रस्ताच जागेवर नव्हता.

सकाळी सरपंचांचा फोन आला, तेव्हा मी आधी मंडळाची नोंद पाहिली. 41 मिलिमीटर. तलाठ्यांना फोन केला, तर त्यांनीही तोच आकडा पाहून ठेवला होता. ते म्हणाले, "मॅडम, मंडळ बसत नाही. जाऊन उपयोग काय?" हे गृहस्थ वाईट नाहीत. त्यांच्याकडे तीन सज्जांचा, म्हणजे तीन तलाठ्यांच्या हद्दींचा, कार्यभार आहे आणि उपयोग नसलेल्या ठिकाणी न जाणे हे ते नोकरीत शिकले आहेत. तरीही मी गेले, कारण पंचनामा होवो न होवो, पाहणी करायला मला कोणाची परवानगी लागत नाही.

मंडळाचे स्वयंचलित केंद्र या गावापासून सरळ रेषेत दहा-बारा किलोमीटरवर, डोंगराच्या पलीकडच्या उतारावर आहे. पर्जन्यमापक एखाद्या झाडापासून किंवा भिंतीपासून त्या अडथळ्याच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर असावा, असा साधा नियम आहे. आमच्या केंद्राच्या डाव्या हाताला ग्रामपंचायतीची भिंत आणि उजव्या हाताला लिंबाचे झाड आहे, आणि दोन्ही या नियमात बसत नाहीत. यंत्राच्या आत एक लहानशी डोलती पळी असते. ठरावीक पाणी भरले की ती कलंडते आणि प्रत्येक कलंडण्याची नोंद होते. वर गाळणीत लिंबाचा पाला अडकला की मुसळधार पाऊसही आत रिमझिम होऊन उतरतो. देखभालीचे काम ज्यांच्याकडे आहे त्यांचा माणूस वर्षातून केव्हा येतो हे गावात कोणालाच ठाऊक नाही. अर्थात त्या रात्री यंत्र बिघडले होते असा माझा दावा नाही. डोंगरापलीकडे खरोखरच 41 पडला असेल. पावसाचा एक ढग किती अरुंद पट्ट्यात रिता होऊ शकतो, हे आता आमच्याकडचे गुराखीही सांगतात.

गावात मात्र दुसरे माप होते. जिल्हा परिषदेच्या शाळेत, पाणलोटाच्या एका जुन्या कार्यक्रमातून आलेला साधा पर्जन्यमापक आहे: फायबरचे नरसाळे, आत बाटली आणि सोबत काचेचे मोजपात्र. तिथले गुरुजी रोज सकाळी मुलांकडून माप घेतात आणि वहीत लिहून ठेवतात. त्या सकाळी शाळा भरली नव्हती, तरी गुरुजी चिखल तुडवत येऊन माप घेऊन गेले होते. मोजपात्र एका वेळी फार पाणी घेत नाही, म्हणून पुन्हा पुन्हा भरून ओतावे लागते. वहीत प्रत्येक खेपेचा आकडा एकाखाली एक लिहून शेवटी बेरीज केली होती: 118. खाली मुलांच्या अक्षरात 'खूप पाऊस' असा शेरा होता. सरकारी पर्जन्यमापकाच्या इतक्या नीट ठेवलेल्या नोंदी मी फार थोड्या पाहिल्या आहेत.

वरच्या अंगाला एका आक्कांचे साठ आर म्हणजे दीड एकर रान आहे. तिथे पोचल्यावर पहिल्यांदा डोळ्यांत भरला तो रंग. रान पांढुरके दिसत होते, कारण वरची माती जाऊन मुरूम उघडा पडला होता. बांधाच्या आडोशाने जी सोयाबीनची झाडे राहिली होती त्यांची मुळे हवेत लोंबत होती आणि त्यांवरच्या नत्राच्या गाठी धुऊन स्वच्छ निघाल्या होत्या. राहिलेल्या मातीच्या कडेला फूटपट्टी लावली, तर सरासरी 15 सेंटीमीटर थर गेलेला. साठ आरांवर 15 सेंटीमीटर म्हणजे 900 घनमीटर माती, तीनशेहून अधिक ब्रास. नुकसानभरपाईच्या केंद्राच्या निकषांत वाहून गेलेल्या जमिनीला तेव्हा हेक्टरी 47,000 रुपये होते. साठ आरांना 28,200 रुपये मिळाले, तरी ब्रासला नव्वद रुपयेही पडत नाहीत.

तेही मिळाले तर. कारण त्या निकषात जमीन जाण्याची कारणे दिली आहेत: दरड कोसळणे, हिमस्खलन, नदीने पात्र बदलणे. बालाघाटावर हिमस्खलनाची सोय आहे. उतारावरून पाणी धावले आणि माती घेऊन गेले, याची नाही.

पाणी का धावले तेही सांगितले पाहिजे, कारण त्यात आमच्या खात्याचा वाटा आहे. या उतारावरचे बहुतेक बांध 1972 च्या दुष्काळात आणि नंतर रोजगार हमीत पडले. तेव्हाचा प्रश्न पाणी अडवण्याचा होता, आणि बांध त्या हिशेबाने घातले गेले. असे बांध सर्वसाधारणपणे दहा वर्षांतून एकदा येणाऱ्या पावसाला पुरतील अशा बेताने आखतात, आणि जास्तीचे पाणी काढून द्यायला दगडी सांडवा ठेवतात. पन्नास वर्षांत सांडव्याचे दगड गोठ्याच्या पायात गेले, बांधांना खेकड्यांनी आणि उंदरांनी बिळे पाडली. त्या रात्री सर्वांत वरचा बांध भरला, बिळापाशी फुटला, त्याचे साठलेले पाणी एकदम खालच्या बांधावर आले, मग तो फुटला, आणि असे ओळीने ओढ्यापर्यंत. मधल्या एका शेतकऱ्याने आदल्या वर्षी स्वतःच्या खर्चाने सांडवा पुन्हा बांधला होता, आणि त्याला गावाने नावे ठेवली होती. त्याच्या बांधाला वरून तितकेच पाणी आले, तरी त्याची माती जागेवर होती. आमच्या प्रगती अहवालात बांधबंदिस्तीचे मीटर मोजतात. सांडव्यांचा रकानाच नाही.

हा पाऊस हवामानबदलामुळे पडला का, असे मला गावात विचारले गेले. एका रात्रीचा पाऊस असा कोणाच्या नावावर मांडता येत नाही, हे मी सांगितले. जे सांगता येते तेही सांगितले: हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते, आणि 1901 ते 2018 या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे 0.7 अंशाने वाढले आहे. मध्य भारतातल्या विस्तृत अतिवृष्टीच्या घटना 1950 ते 2015 या काळात तिपटीने वाढल्याचे पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवले. कोरडे दिवस लांबायचे आणि नंतर एकाच रात्री हिशेब चुकता व्हायचा, हे एकाच खरिपात आमच्या गावाने पाहिले. वाहिन्यांवर मात्र त्या आठवड्यात जिल्ह्यातल्या प्रत्येक सरीची ढगफुटी झाली होती. अशाने खऱ्या नुकसानीचे वजन कमी होते.

आक्का बांधावर बसून सगळे ऐकत होत्या. मी शाळेच्या वहीचा फोटो काढल्याचे त्यांना कळले, तेव्हा त्या म्हणाल्या, "मॅडम, श्रावणात आपल्या रानात दोन सरी झाल्या व्हत्या. मंडळाच्या मापात आल्या न्हाईत म्हनून गाव यादीत बसलं. तवा कुनी बोललं न्हाई. आता माप चुकीचं हाय म्हनून कसं वरडावं?" गुरुजींच्या वहीत ऑगस्टच्या त्या दोन नोंदी मी नंतर पाहिल्या. एक 9 मिलिमीटरची आणि एक 14 ची. दिवसाला 2.5 मिलिमीटरचा पाऊस झाला की तो पावसाचा दिवस धरतात, म्हणजे या वहीने ऑगस्टचा खंड तुटला असता.

आक्कांच्या वाक्याला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हते. त्या दोन सरींनी सोयाबीन वाचले नव्हते, दाणा बारीकच राहिला होता, म्हणून अग्रिमाच्या यादीत गाव बसण्यात काही गैर नव्हते असे मी मानते. पण वही पुराव्यात धरायची तर ती पूर्ण धरावी लागते, आपल्या सोयीचे पान तेवढे नाही.

तालुक्याच्या बैठकीत मी प्रकरण मांडले. महसुलाकडच्या एका अनुभवी अधिकाऱ्यांनी वाट सुचवली: कारणाच्या रकान्यात 'ओढ्याला पूर' असे लिहा. पूर असला की मंडळाचे 65 आडवे येत नाही. ओढ्याकाठच्या शेतांसाठी ते खरेच होते, ओढा पात्राबाहेर गेला होता, तीन इंचांवर गाळ साचला होता. ते पंचनामे त्याच कारणाने झाले आणि मंजूरही झाले. आक्कांचे रान ओढ्यापासून चांगले अर्धा किलोमीटर वर आहे. तिथे पूर चढायचा तर निम्मे गाव बुडायला हवे. ते लिहा, सगळे लिहितात, असेही मला सांगितले गेले, आणि सगळे लिहितात हेही खरे आहे. पण फोटोला जिओ टॅग असतो, आणि उद्या कोणी नकाशावर ते ठिकाण पाहिले तर खोटेपणा आक्कांच्या नावावर लागला असता. मी उतारावरच्या शेतांची वेगळी यादी केली, कारण लिहिले 'बांध फुटून अपधावेने माती वाहून गेली' (अपधाव म्हणजे जमिनीत न मुरता उतारावरून वाहणारे पाणी), आणि शाळेच्या वहीची जून ते सप्टेंबरची सर्व पाने जोडली, ऑगस्टसह. यादी परत आली. शेरा होता: मंडळाची अधिकृत पर्जन्य नोंद जोडावी.

अधिकृत नोंद मी जोडली. त्यापुढे काय झाले असेल हे सरकारी कामाचा अनुभव असलेल्या कोणालाही सांगायला नको. आक्कांना पिकाचे विम्याचे पैसे थोडेफार मिळाले, जमिनीचे मिळाले नाहीत. खरे कारण लिहिल्याने त्यांचे नुकसान झाले का, हा प्रश्न मला अधूनमधून कामावरून परत येताना पडतो. त्या रकान्यात आजही मी तेच लिहीन, पण त्याची किंमत मी मोजलेली नाही, हेही मला माहीत आहे.

त्यानंतर आम्ही उतारावरच्या बांधांना सांडवे घालण्याचा प्रस्ताव केला. सांडव्याची रुंदी काढायला आधी त्यावरून सर्वाधिक किती पाणी जाणार ते काढावे लागते: पाणलोटाचे हेक्टर, अपधावेचा गुणांक आणि पावसाची ताशी तीव्रता यांचा गुणाकार, भागिले 360. क्षेत्र नकाशावरून मिळते आणि गुणांक तक्त्यातून. तीव्रता कुठून घ्यायची? स्वयंचलित केंद्र दर काही मिनिटांची नोंद ठेवते, पण ते डोंगरापलीकडे आहे. शाळेची वही योग्य जागची आहे, पण तिच्यात फक्त बेरीज आहे, पाऊस किती वेळात पडला ते नाही. गावाला विचारले तर कोणी दोन तास सांगतो, कोणी तीन. अडीच धरले तर ताशी सरासरी 47 मिलिमीटर येते, आणि ऐन जोराच्या वेळी ती अर्थातच त्याहून बरीच जास्त असणार. तांत्रिक मंजुरी देणाऱ्यांचे म्हणणे असे की अंदाजपत्रकात मंडळाचाच आकडा धरावा, कारण लेखापरीक्षणात वहीला आधार नाही. 41 वर काढलेला सांडवा अरुंद येतो आणि स्वस्त पडतो, आणि पुढच्या 118 ला बांधासकट जातो. मी 118 धरूनच रुंदी काढली आहे आणि ती का धरली याचे दीड पानी टिपण सोबत लावले आहे. अंदाजपत्रकावर अजून सही झालेली नाही.