आमची वाटचाल: बाग ते बंदर

नाशिकहून समुद्र दिसत नाही, पण जानेवारी लागला की इथले पॅकहाउस (द्राक्षं निवडून पेट्यांत भरायच्या जागा) न्हावा शेवा बंदराच्या कट-ऑफवर, म्हणजे माल आत घेण्याच्या शेवटच्या वेळेवर, चालतात. आमची फर्म द्राक्षांसाठी रीफर, म्हणजे थंडाव्याचं मशीन असलेले, कंटेनर बुक करते, भरून घेते, बंदरात पोचवते. जहाज एकही नाही, ट्रेलरही भाड्याचे. ऑफिसात फोटो मात्र सिंधिया ही भारतीय जहाज कंपनी उभारणाऱ्यांपैकी एक, वालचंद हिराचंदांचा.

5 एप्रिल 1919 ला सिंधिया कंपनीची बोट 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनला निघाली, हे सगळ्यांना ठाऊक असतं. धंद्याला उपयोगी भाग त्यापुढचा. बोट मिळाली, माल मिळेना. परदेशी कंपन्यांनी दर पाडले, वर 'डिफर्ड रिबेट'चा फास होताच. ठरावीक महिने सगळा माल त्यांच्याच बोटींवर चढवला तर भाड्यातला काही भाग उशिरा परत मिळायचा. मध्येच थोडा जरी माल दुसऱ्याला दिला तर साचलेला रिबेट बुडाला. 1923 मध्ये परदेशी कंपनीशी करार करून सिंधिया टिकली, पण टनेजवर, म्हणजे आपल्या बोटींच्या एकूण क्षमतेवर, मर्यादा पत्करून.

आम्हीही आधी फक्त बुकिंग करायचो. दर कमी केला की बागायतदार येतो, दुसऱ्याने केला की जातो. म्हणून पॅकहाउसमध्ये उतरलो, आणि टिकलो ते तिथेच.

रीफर माल थंड करत नाही, थंड माल थंड ठेवतो. एवढं न कळल्यामुळे जितका माल खराब होतो, तितका कशानेच होत नसेल. काढणीनंतर काही तासांत घड प्री-कूलिंगला, म्हणजे कंटेनरमध्ये भरण्याआधी थंड करायला, जायला हवेत. प्रोब (तापमापकाची सुई) थेट मण्यात खुपसून तापमान बघायचं, खोलीच्या डिस्प्लेवर विसंबायचं नाही. कंटेनरचं सेटिंग 0 ते उणे 0.5 अंश. भरताना दार उघडं असेल तर मशीन बंद. चालू ठेवलं तर बाहेरची दमट हवा आत ओढली जाते, कॉइलवर बर्फ धरतो आणि पुढे गारवाच पोचत नाही. कंटेनरच्या भिंतीवरच्या लाल रेषेच्या वर एकही पेटी नको, हवेची परतीची वाट बंद होते. दाराकडे उरलेली टी-फ्लोअरची (हवा खेळण्यासाठी खाचा असलेल्या तळाची) फट पुठ्ठ्याने झाका, नाहीतर हवा पेट्यांतून न जाता तिथूनच वर निघते.

सल्फर पॅडचं, म्हणजे बुरशी रोखायला पेटीत ठेवलेल्या, गॅस सोडणाऱ्या पॅडचं, दुखणं वेगळं. थंड माल गरम धक्क्यावर ठेवला की पेटीत दव धरतं, पॅड भिजतो, गॅस एकदम सुटतो आणि देठाजवळ मणी पांढरे पडतात. दोष पॅडला दिला जातो. 2023 अखेरीपासून तांबडा समुद्र टाळून जहाजं आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या केपला वळसा घालू लागली, प्रवास साधारण दोन आठवड्यांनी लांबला. तेव्हा दुहेरी पॅड घ्यावेत: एक थर लगेच गॅस सोडतो, दुसरा सावकाश. हिरव्या, ताज्या देठाचाच माल घ्यावा. देठ वाळला की खरेदीदार मणी बघतच नाही.

वालचंदांच्या खुणा इथेही आहेत. मालेगाव तालुक्यातला रावळगावचा साखर कारखाना त्यांनी उभारलेला. ओझरचा विमान कारखाना ज्या कंपनीचा, तिचं मूळ त्यांनी 1940 मध्ये बंगळूरला घातलं. सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजला 1955 पासून त्यांचं नाव आहे. आमची ऐपत तेवढी नाही. हंगाम संपला की नफ्यातून दोन आयटीआयच्या पोरांचं रीफर मेकॅनिकचं शिक्षण होतं. कसारा घाटात रात्री जेनसेट (वाटेत रीफरला वीज देणारा डिझेल जनरेटर) बंद पडला, तर डिझेल फिल्टर चोंदलाय की बेल्ट तुटलाय हे जागेवर ओळखणारा माणूस अजून शोधावा लागतो.