खंजिरी गप्प असते तिथं रेघ नको

आमच्या भजन मंडळातले खंजिरीवाले काका सत्तरीच्या पुढचे आहेत, अमरावतीकडच्या तिवसा तालुक्यातल्या बऱ्याच गावांत त्यांचा हात ओळखतात. गेल्या पावसाळ्यात त्यांचा खांदा फार धरला तेव्हा मी ठरवूनच टाकलं की त्यांचं वाजवणं कागदावर उतरवायचं. मोबाईलमध्ये रेकॉर्डिंग आहेच, पण त्यावरून पोरं नुसता ठेका उचलतात, मधली दाब आणि झांजेची थरथर निसटून जाते. त्यात आता मंडळात कीबोर्ड शिकलेली दोन पोरं आली, त्यांना पाच रेषांचं नोटेशन वाचता येतं, आणि पेटीवाल्या भाऊंना फक्त सारेगम, म्हणजे एकाच कागदावर दोघांचं भागलं पाहिजे. म्हणून म्यूझस्कोर हे नोटेशन लिहायचं सॉफ्टवेअर घेतलं, फुकट आहे आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवर चालतं.

पहिली प्रिंट काढली तेव्हा वर गायक, खाली पेटी, त्याखाली खंजिरी, सगळ्यात खाली टाळ, अशा चार पट्ट्या, म्हणजे प्रत्येकाच्या नोटेशनच्या आडव्या रेघा, पानभर सरळ गेलेल्या. आमच्याकडं भजनाची सुरुवात तालाशिवाय होते, मुख्य गायक दोन-तीन चरण मोकळे म्हणतो, पेटी नुसता सूर धरून असते, आणि मग मुखडा परत आला की खंजिरी पडते. कागदावर मात्र त्या मोकळ्या भागातही खंजिरीची रेघ आणि तिच्यावर विश्रांतीच्या खुणाच खुणा. काकांना नोटेशन वाचता येत नाही, तरी बोट ठेवून म्हणाले, "इथं मी हातही लावत नाही बाबू, तं माह्या नावाची रेघ काहून ओढली?"

आणि ते बरोबरच होतं. विश्रांतीची खूण म्हणजे मोजून गप्प राहणं, आणि मोकळ्या चरणात कोणी मोजतच नसतं, काका डोळे मिटून ऐकत बसलेले असतात. कीबोर्डवाली पोरं तो कागद पाहून मनात एक-दोन-तीन-चार करायला लागली आणि गायकाच्या आधीच पुढं पळाली.

आधी मी रिकाम्या पट्ट्या लपवायचं सेटिंग लावून पाहिलं. पण ते पूर्ण ओळीचा हिशोब करतं, ओळीच्या शेवटच्या बारमध्ये, म्हणजे दोन उभ्या रेघांमधल्या घरात, खंजिरीचा एक ठोका असला तरी अख्ख्या ओळीत रेघ उमटते. खरं काम झालं ते कटअवे नावाच्या सेटिंगनं. पट्टीवर राइट क्लिक करून स्टाफ-पार्ट प्रॉपर्टीज उघडायचं आणि तिथं कटअवेवर टिक करायची, मग त्या पट्टीचे रिकामे बार तेवढे गायब होतात आणि जिथं वाजतं तिथूनच रेघ सुरू होते. ओळीच्या मध्येच खंजिरी उगवलेली दिसते, अगदी बैठकीत उगवते तशी. लिलीपॉन्ड हे दुसरं नोटेशनचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना हेच स्टॉप-स्टाफ आणि स्टार्ट-स्टाफ लिहून करता येतं.

मोकळ्या चरणासाठी बारची खरी लांबी वाढवावी लागते. मेझर प्रॉपर्टीजमध्ये जाऊन चारच्या जागी तेवीस मात्रा लागल्या तर तेवीस टाकायच्या, तालाचा आकडा लपवायचा, स्वरांच्या दांड्या काढून टाकायच्या. पण बार मधून तुटून खालच्या ओळीत जात नाही, म्हणून मी एका चरणाला एक बार ठेवला आणि मधली उभी रेघ निवडून व्ही दाबून अदृश्य केली. गायकानं मध्ये दोन वाक्यं बोलून दाखवायची जागा आहे, तिथं स्टाफ टाइप चेंज टाकून पाच रेषांची एक रेष केली. हा बदल बारच्या सुरुवातीलाच बसतो, त्यामुळं तिथं आधी बार तोडून घ्यावा लागला.

आता खंजिरीची पट्टी. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम काढला, ते मोझरी आमच्याच तालुक्यात, इकडं खंजिरी म्हणजे भजनाचा जीव, म्हणून मी तिला पेटीच्याही वर आणून ठेवलं. एकच रेष घेतली आणि ड्रमसेटमध्ये, म्हणजे कुठला आवाज रेषेच्या कुठं दिसेल ते ठरवायच्या तक्त्यात, तीन आवाज बांधले. उघडा ठोका रेषेच्या वर, तिथं आकडा वजा १. दाब रेषेच्या खाली, तिथं १. आणि नुसती झांज हलवणं रेषेवरच, ०, त्याचं तोंड गोल न ठेवता फुलीचं. आठ मात्रांचा भजनी ठेका या तीन खुणांत लिहून काकांना मांडीवर वाजवून दाखवला, तर सहाव्या मात्रेवर त्यांनी माझा हात धरला, तिथं नुसती दाब नाही म्हणे, बोट चामड्यावर ठेवून झांज हलवायची, दोन्ही एकदम. मग त्या मात्रेवर खालचा स्वर आणि फुली एकाच दांडीला लावली. मोबाईलवर पन्नासदा ऐकूनही हे मला कळलं नसतं.

सारेगम मी गायकाच्या पट्टीखाली लिरिक्सची दुसरी ओळ म्हणून टाकली. कोमल स्वराला अंडरलाइन. तार म्हणजे वरच्या सप्तकाच्या टिंबासाठी सरळ अनुस्वार द्यायचा, सं, रें, गं. मंद्र म्हणजे खालच्या सप्तकासाठी नुक्ता, अक्षराखालचं टिंब, पण तो अक्षराला लगेच द्यायचा आणि वेलांटी नंतर, म्हणजे न, नुक्ता, मग वेलांटी, नाहीतर टिंबाबरोबर तुटक रेघांचं एक गोल येऊन बसतं. मंद्र निषादानं माझी एक अख्खी संध्याकाळ घेतली.

प्रिंटला फाईल तशीच पेनड्राइव्हवर नेली होती, दुकानातल्या कॉम्प्युटरवर मराठी फॉन्ट नव्हता आणि सगळ्या सारेगमचे चौकोन झाले. एसटीनं परत घरी, पीडीएफ काढून दुसऱ्या दिवशी पुन्हा.

नवा कागद काकांसमोर ठेवला तेव्हा ते आधी मोकळ्या चरणाखालची कोरी जागा पाहत राहिले, मग बोट सरकवत सरकवत रेघ जिथं सुरू होते तिथं आणलं आणि म्हणाले, "हे पाय, मी इथं येतो." शनिवारी पोरांनी तोच कागद लावून म्हटलं आणि यावेळी थांबली, गायकाच्या तोंडाकडं पाहत. टाळाची पट्टी अजून तशीच आहे, ती या आठवड्यात करतो.