परतीच्या विमानाआधीचे दोन मुक्काम

अंदमानच्या सहलीचा कार्यक्रम मी लोकांच्या हाती देते तेव्हा एक प्रश्न हमखास येतो, की शेवटचे दोन मुक्काम मुख्य शहरातच का ठेवले आहेत, आणि त्यातला एक दिवस जवळपास रिकामा का. समुद्रकिनाऱ्यावरची एखादी रात्र वाढवता आली असती, असे त्यांचे म्हणणे असते आणि ते मला पूर्ण पटते. तरीही गेल्या कित्येक वर्षांत मी तो रिकामा दिवस कोणाच्याही आग्रहाखातर भरलेला नाही. डिसेंबर 2016 मध्ये माझ्या कार्यक्रमात तो दिवस नव्हता.

पुण्यातल्या एका लहान पर्यटन कार्यालयात मी सहलींचे नियोजन करते आणि वर्षातून तीन-चार गटांबरोबर स्वतः जाते. त्या वेळी माझ्याबरोबर चौदा जण होते आणि त्यांतले नऊ जण साठीच्या पुढचे होते. मराठी माणूस अंदमानला निघतो तो बहुधा सेल्युलर जेलसाठी. सावरकरांची कोठडी पाहायची, तिथे दोन मिनिटे उभे राहायचे, आणि मग समुद्र. तेव्हा जेल सोमवारी बंद असे, म्हणून मी शनिवारी, 3 तारखेला, पोर्ट ब्लेअरला पोहोचायचे ठरवले होते. (त्या शहराचे नाव 2024 मध्ये श्रीविजयपुरम झाले आणि हॅवलॉक बेट 2018 पासून स्वराज द्वीप आहे, पण ही हकीकत जुन्या नावांच्या काळातली आहे.) रविवारी बोटीने हॅवलॉक, मंगळवारी दुपारी परत आणि बुधवारी सकाळी विमान, असा सगळा बेत घट्ट विणलेला होता. दिवाळीनंतरचा काळ अंदमानसाठी उत्तम, असे आम्ही सगळेच सांगतो. मात्र बंगालच्या उपसागरात चक्रीवादळे ऑक्टोबर ते डिसेंबरमध्येच अधिक उठतात, ही गोष्ट मला ठाऊक असूनही मी तिला कार्यक्रमात जागा दिली नव्हती.

सोमवारी हॅवलॉकवरच्या राधानगरच्या किनाऱ्यावर सूर्यास्त पाहायला गेलो, तर ढगांतून काहीच दिसले नाही. तिथे घड्याळ आपलेच असले तरी बेटे इतकी पूर्वेला आहेत की डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि त्या दिवशी तर साडेचारलाच काळोखी आली. रात्रभर पाऊस कोसळला. मंगळवारी सकाळी जेटीवर पोहोचलो तेव्हा सगळ्या बोटी रद्द झाल्याची पाटी लागली होती आणि तिकीटखिडकीपुढे शेकडो माणसे सामानासह भिजत उभी होती. हॅवलॉक आणि नील या दोन बेटांवर मिळून सुमारे चौदाशे पर्यटक अडकल्याचे नंतर बातम्यांत आले. पुढे जे वरदा चक्रीवादळ म्हणून 12 डिसेंबरला चेन्नईजवळ किनाऱ्यावर धडकले, त्याची ही सुरुवात होती.

नोटाबंदीला जेमतेम महिना झाला होता. त्या भीतीने मी निघण्याआधी दोन आठवडे शंभराच्या नोटा जमवून एका बिस्किटाच्या डब्यात भरल्या होत्या. बेटावर इंटरनेट बंद पडल्याने कार्डाचे यंत्र चालेना आणि एटीएमही कोरडे पडले, तेव्हा चौदा माणसांचा डाळभात त्या डब्यावर चालला. मुक्कामाच्या ठिकाणचे मालक मूळचे पूर्व बंगालमधून येऊन बेटावर वसलेल्या कुटुंबातले होते. पैसे नंतर द्या, असे ते स्वतःहून म्हणाले. पण त्यांनाही बाजारात रोखच मोजावी लागत होती, हे दिसत असल्याने मी रोजचा हिशेब रोज चुकता केला.

खरी कसोटी त्याच रात्री समोर आली. गटातले एक काका, वय बहात्तर, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन घेणारे. जेवण झाल्यावर काकू माझ्या खोलीच्या दाराशी आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, यांची बाकीची इन्सुलिनची पेनं पोर्ट ब्लेअरच्या हॉटेलात फ्रिजमध्ये राहिलीत. दोनच दिवसांचा प्रश्न म्हणून एकच आणलं होतं." त्यांचा निर्णय त्यांच्या दृष्टीने काळजीपूर्वकच होता, कारण बेटावर वीज जाते आणि औषध खराब होईल, असे मीच त्यांना सांगितले होते. आम्ही टॉर्चच्या उजेडात पेन उभे धरून त्यावरच्या खुणा मोजल्या. साठाच्या आसपास युनिट उरली होती. सकाळी अठरा, संध्याकाळी चौदा आणि प्रत्येक वेळी सुई तपासताना वाया जाणारी दोन धरली, तर ते उद्याचा दिवस आणि परवाची सकाळ एवढेच पुरणार होते. बोट कधी सुटेल, हे कोणालाच सांगता येत नव्हते.

बुधवारी आमचे विमान आमच्याविना गेले. त्याच सकाळी मी काका-काकूंना जीपमध्ये घालून बेटावरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन गेले. तिथल्या तरुण डॉक्टरांपुढे माझ्याआधी ताप, जुलाब, पाय मुरगळणे अशा तक्रारी घेऊन आलेली वीसेक माणसे होती. त्यांनी काकांची साखर तपासली, पेनवरचे नाव वाचले आणि शीतकपाटातून त्याच प्रकारच्या इन्सुलिनची लहान बाटली काढली. मला वाटले, काम झाले. पण डॉक्टरांनी बाटली लगेच हातात दिली नाही. पेनमधल्या औषधाच्या एका मिलिलिटरमध्ये शंभर युनिट असतात आणि या बाटलीतल्या एका मिलिलिटरमध्ये चाळीसच, हे त्यांनी कागदावर लिहून दाखवले. म्हणून लाल टोपणाची, चाळीसच्या खुणांची सिरिंजच वापरायची. शंभरच्या खुणांची नारिंगी टोपणवाली घेतली, तर अठरा मोजूनही शरीरात सात-साडेसातच युनिट जातील, आणि उलट गफलत झाली तर अडीचपट जातील. त्यांनी काकूंना बाटली तळहातांत अलगद घोळवायला लावली, मग सिरिंजमध्ये हवा घेऊन बाटलीत सोडायची, बाटली उलटी धरून औषध खाली ओढायचे, बुडबुडा टिचकीने वर आणायचा, हे सगळे तीन वेळा करून घेतले. पहिल्या वेळी काकूंचा हात थरथरत होता, तिसऱ्या वेळी खूण बरोबर अठरावर थांबली. बाहेर एवढी रांग असताना त्यांनी त्यासाठी दिलेली वीस मिनिटे मी कधीच विसरणार नाही.

उरलेला वेळ मी याद्या करण्यात घालवला. प्रत्येकाचे नाव, वय, आजार, रोजची औषधे, रक्तगट आणि घरचा क्रमांक असा कागद मी पुण्यातूनच आणला होता. आता मी हाताने लिहून त्याच्या चार प्रती केल्या. नौदलाची जहाजे निघाल्याची बातमी बुधवारी आली होती, पण समुद्र इतका खवळलेला होता की त्यांना लोकांना उचलता येईना. शुक्रवारी, 9 तारखेला, अखेर सुटका सुरू झाली. वृद्ध, आजारी आणि लहान मुले आधी, असे जेटीवर पुकारले जात असताना माझी यादी अधिकाऱ्यांच्या हातात गेली. त्यांनी ती एकदा वाचली आणि काहीही न विचारता आमच्या नऊ ज्येष्ठांना पुढे घेतले. निघण्याच्या अर्धा तास आधी मी सगळ्यांना मळमळीच्या गोळ्या दिल्या होत्या आणि वर आलेपाकाची एकेक वडी. जहाज वरखाली होत राहिले, पण बहुतेकांनी तो प्रवास डोळे मिटून निभावला. काका मात्र पूर्णवेळ ती लहान बाटली शर्टाच्या आतल्या खिशात धरून बसले होते.

नवी तिकिटे रविवारची मिळाली आणि ती महाग पडली. कार्यालयाने निम्मा भार उचलला, तरी उरलेली रक्कम लोकांना भरावी लागली, आणि याचे मला आजही वाईट वाटते. शुक्रवारी रात्री हॉटेलात पोहोचताच काकू आधी स्वयंपाकघरातल्या फ्रिजकडे गेल्या. त्यांनी चिकटवलेल्या मराठी चिठ्ठीसह तो डबा जसाच्या तसा होता. त्यांनी तो तिथेच उघडला, पेने ओट्यावर मांडून मोजली, निम्मी स्वतःच्या पर्समध्ये ठेवली आणि उरलेली काकांच्या पिशवीत घालून पिशवीची चेन लावली.