सौदी मैत्रीचा ताळेबंद

भारत आणि सौदी अरेबिया यांच्या संबंधांची चर्चा निघाली की आपल्याकडे सर्वप्रथम गुंतवणुकीचे आकडे सांगितले जातात. फेब्रुवारी २०१९ मध्ये युवराज मोहम्मद बिन सलमान दिल्लीत आले, तेव्हा भारतात १०० अब्ज डॉलरहून अधिक गुंतवणुकीची संधी असल्याचे त्यांनी म्हटले आणि तोच आकडा पुढे जणू पैसे आल्याच्या थाटात वापरला जाऊ लागला. गेल्या दोन दशकांचा हिशेब मांडला तर मला मात्र वेगळेच चित्र दिसते. हे नाते पैशापेक्षा सुरक्षेच्या क्षेत्रात अधिक पक्के झाले आहे, आणि तेही फारसा गाजावाजा न होता.

सुरुवात दिमाखदार होती. १९५५ मध्ये राजे सौद भारतात आले आणि पुढच्याच वर्षी पंडित नेहरू रियाधला गेले. त्यानंतर मात्र शीतयुद्धाने आणि पाकिस्तानने ही वाट अडवली. १९६९ मध्ये रबात येथील इस्लामी शिखर परिषदेत भारताला आधी निमंत्रण मिळाले आणि मग पाकिस्तानचे अध्यक्ष याह्या खान यांच्या हट्टापुढे आपल्या प्रतिनिधी मंडळाला बाहेर ठेवण्यात आले. १९८२ मधील इंदिरा गांधींचा दौरा सोडला तर पुढची अनेक वर्षे हे संबंध तेल, हज यात्रा आणि आखातात राबणारे आपले कामगार यांच्यापुरतेच राहिले. भारताच्या परराष्ट्रमंत्र्याने सौदी अरेबियाला पहिली भेट दिली ती थेट २००१ मध्ये. जसवंत सिंह तेव्हा त्या पदावर होते.

खरे वळण २००६ च्या प्रजासत्ताक दिनाला राजे अब्दुल्ला प्रमुख पाहुणे म्हणून आले तेव्हा लागले. २०१० मध्ये मनमोहन सिंग रियाधला गेले, व्यूहात्मक भागीदारीची घोषणा झाली आणि प्रत्यार्पण करारावर सह्या झाल्या. त्या वेळी या कराराकडे फारसे कोणी लक्ष दिले नव्हते. पण नव्या विश्वासाची कसोटी दोनच वर्षांत लागली. मुंबईवरील २६/११ च्या हल्ल्यातील दहशतवाद्यांना सूचना देणाऱ्यांपैकी एक, मूळचा बीड जिल्ह्यातला अबू जुंदाल, सौदी अरेबियात पाकिस्तानी पारपत्रावर राहत होता. त्याला आपला नागरिक ठरवण्याचा प्रयत्न पाकिस्तानने केला, तरीही जून २०१२ मध्ये सौदी सरकारने त्याला भारताकडे धाडले. माझ्या मते कोणत्याही संयुक्त निवेदनापेक्षा या एका निर्णयाचे मोल अधिक आहे. डिसेंबर २०२० मध्ये जनरल मनोज नरवणे तेथे गेले. भारतीय लष्करप्रमुखाचा तो पहिलाच सौदी दौरा होता.

आता पैशाची बाजू पाहू. २०१८ मध्ये सौदी अरामको, अबुधाबीची तेल कंपनी आणि आपल्या तीन सरकारी तेल कंपन्या यांनी मिळून राजापूर तालुक्यातील नाणार येथे वर्षाला ६ कोटी टन क्षमतेचा शुद्धीकरण प्रकल्प उभारण्याचे ठरवले. स्थानिकांच्या विरोधानंतर मार्च २०१९ मध्ये, म्हणजे युवराजांच्या त्या गाजलेल्या भेटीनंतर अवघ्या काही दिवसांतच, भूसंपादनाची प्रक्रिया रद्द झाली. पुढे प्रकल्पासाठी त्याच तालुक्यातील बारसूचे नाव आले आणि तेथेही आंदोलन पेटले. आंबा-काजूच्या बागा राखू पाहणाऱ्या माणसाशी बोलायला रियाधहून कोणी येणार नव्हते, आणि दिल्लीहूनही फारसे कोणी आले नाही. रिलायन्सच्या तेल व रसायन व्यवसायातील २० टक्के हिस्सा अरामकोला विकण्याचा २०१९ चा बेतही २०२१ मध्ये बारगळला. तेथे जमिनीचा प्रश्न नव्हता, त्यामुळे सगळा दोष कोकणाच्या माथी मारणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर ध्यानात घ्यावे.

तेलाच्या व्यवहारात तर मैत्रीची भाषा फार काळ टिकत नाही. २०२१ मध्ये दर चढत असताना भारताने उत्पादनकपात शिथिल करण्याची विनंती केली, तेव्हा सौदी ऊर्जामंत्र्यांनी आदल्या वर्षी स्वस्तात घेऊन साठवलेले तेल वापरा, असे सुनावले. पुढच्याच वर्षी युक्रेन युद्ध सुरू झाले, रशियन तेल सवलतीत मिळू लागले आणि आपणही भावनेत न अडकता तिकडे वळलो. दोघेही आपापल्या जागी बरोबरच होते.

म्हणूनच १७ सप्टेंबर २०२५ रोजी सौदी अरेबियाने पाकिस्तानशी परस्पर संरक्षण करार केला, तेव्हा आपल्याकडे उमटलेला विश्वासघाताचा सूर मला अस्थानी वाटला. एकावरील आक्रमण हे दोघांवरील आक्रमण मानले जाईल, हे त्यातील कलम गंभीर आहे. पण पाकिस्तानी सैनिक सौदी भूमीवर १९८० च्या दशकातही तैनात होते. २०२५ च्याच एप्रिलमध्ये पंतप्रधान मोदी जेद्दाहमध्ये असताना पहलगामचा हल्ला झाला आणि त्यांना दौरा आटोपता घ्यावा लागला, तेव्हा सौदी अरेबियाने त्या हल्ल्याचा निषेध केला होता. दोन्ही दारे उघडी ठेवणे ही रियाधची जुनी रीत आहे, आणि तेहरान व तेल अवीव या दोघांशी संबंध राखणाऱ्या दिल्लीने त्याबद्दल रुसावे असे त्यात काही नाही. करारापेक्षा मला अधिक महत्त्वाचे वाटते ते हे, की पुढचा एखादा अबू जुंदाल तेथे सापडला तर सौदी यंत्रणा २०१२ सारखीच वागेल का.