विहिरीची वही

बारावीचा निकाल लागल्यापासून ऑगस्ट उजाडेपर्यंत आमच्या ऑफिसात मान वर करायला फुरसत नसते. मी कॉलेजात प्रवेशाचं टेबल सांभाळते. कॉलेज उत्तर गोव्यातलं, मुलं बहुतेक डिचोली, सत्तरी, पेडणे भागातल्या गावांतून येणारी. फॉर्म, मार्कलिस्ट, दाखले, फीची पावती असं सगळं फायलीला लागलं की हायसं वाटतं, आणि नेमकी तेव्हाच ‘मॅडम, कोर्स बदलायचा होता’ म्हणणारी मुलं यायला लागतात.

ती दारातच घुटमळतात. काउंटरवरची गर्दी ओसरेपर्यंत भिंतीला टेकून उभी राहतात आणि बोलतात तेव्हा आवाज फुटत नाही. सतराव्या-अठराव्या वर्षी, मैत्रिणीने भरला म्हणून किंवा मामाने सांगितलं म्हणून भरलेला फॉर्म नंतर चुकीचा वाटला, तर त्यात गुन्हा कसला? पण घरी ‘पैसे भरलेत, आता गप शिक’ हे ऐकूनच ती आलेली असतात. काही जण तर येतच नाहीत. गणेश चवथीपर्यंत मागच्या बाकावर बसतात, मग हजेरी घसरते, परीक्षेचा फॉर्म भरायची वेळ येते तेव्हा कळतं की मूल कधीचं यायचं बंद झालंय. मला खरी काळजी या न येणाऱ्यांची वाटते.

२०२४ च्या जुलैमध्ये डिचोली तालुक्यातली एक मुलगी आली ती वडिलांना घेऊनच. बाहेर पाऊस धो धो कोसळत होता, दोघांच्या छत्र्यांनी ऑफिसच्या लादीवर तळं केलं होतं. मुलीचा प्रवेश बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सला झाला होता. आमच्याकडे सगळ्यात आधी भरतात त्या या जागा. वर्ग सुरू झाले होते, ती बसतही होती. आता तिला जिऑलॉजीला, म्हणजे भूगर्भशास्त्राला जायचं होतं.

वडिलांनी पहिलं वाक्य माझ्याकडे बघून टाकलं. “मॅडम, तुम्हीच सांगा हिला. खाणीच्या धंद्याने आमचं काय झालं ते आम्हांला ठाऊक, आणि ही परत दगडांतच जायचं म्हणते.”

त्यांचा राग समजण्यासारखा होता. बँकेचं कर्ज काढून त्यांनी खनिज वाहतुकीसाठी ट्रक घेतला होता. २०१२ च्या सप्टेंबरात सरकारने खाणी थांबवल्या, पाठोपाठ सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. मध्ये थोड्या चालल्या, तोवर फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने खाणींच्या ८८ लीजांचं, म्हणजे भाडेपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चपासून पुन्हा सगळं ठप्प. ज्या गावांत घरटी ट्रक होता, तिथे ते ट्रक अंगणात गंजत उभे राहिलेले मी पाहिले आहेत. हा माणूस आता शाळेची बालरथ बस चालवतो. कॉम्प्युटर म्हणजे एसीत बसून करायची नोकरी, तिला पावसाचं भय नाही की कोर्टाच्या निकालाचं नाही, एवढाच त्याचा हिशेब होता. त्यात चूक काढायला मी कोण?

मी अशा वेळी ‘का’ आधी विचारत नाही, ‘कुठे’ विचारते. कॉलेजातल्या कॉलेजात बदल असेल तर जागा शिल्लक आहे का बघायचं, प्राचार्यांची मंजुरी घ्यायची, काम झालं. शिवाय २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, जो चार वर्षांच्या पदवीचा आराखडा आणला, त्यात दुसऱ्या सेमिस्टरच्या शेवटी त्याच विद्याशाखेत मेजर, म्हणजे मुख्य विषय बदलण्याची सोय ठेवली आहे. वडिलांनी हे ऐकलं आणि त्यांना वाटेत चहाची टपरी दिसावी तसं झालं. “मग वर्षभर इथेच शीक, नंतर बघू.”

पण जिऑलॉजी आमच्याकडे शिकवतच नाहीत. गोव्यात पदवीला हा विषय मोजक्या ठिकाणी आहे, मिरामारचं धेंपे कॉलेज आणि मडगावचं चौगुले कॉलेज ही त्यातली. म्हणजे कॉलेजच बदलायला हवं, आणि ते वर्षभराने करण्यापेक्षा आत्ता केलेलं कधीही बरं. पहिल्या सेमिस्टरमध्ये मिळवलेली क्रेडिट्स दुसरीकडे विषयाला विषय जुळली तरच उपयोगी पडतात. आणि इथे तर आयएसए, म्हणजे सेमिस्टरमधली अंतर्गत परीक्षा, जवळ आली होती, प्रॅक्टिकलच्या बॅचेस पाडून झाल्या होत्या. नव्या कॉलेजात जेवढं उशिरा जाल तेवढं बुडालेलं जास्त.

मी हे समजावत असताना मुलगी गप्प होती. मग तिने पिशवीतून एक वही काढली. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली, शंभर पानी, शाळकरी. आत शिसपेन्सिलीने आखलेले रकाने होते: तारीख, वेळ, पाणी किती हात खाली, पाऊस पडला की नाही. तिच्या घरच्या विहिरीची ती नोंद होती. कळशीच्या दोरीला हाताहातावर गाठी मारल्या होत्या म्हणे, आणि दर रविवारी सकाळी पाणी काढायच्या आधी गाठी मोजायच्या. अकरावीपासून चाललं होतं. शेजारचे रकाने वाड्यावरच्या आणखी दोन विहिरींचे, एक खाणीच्या खड्ड्याच्या बाजूची, एक देवळाकडची. मार्चपासून खड्ड्याकडच्या विहिरीचा आकडा भराभर वाढत गेलेला, देवळाकडची मात्र मे संपेपर्यंत तग धरून.

“मला खाणीवर नोकरी करायची नाही, बाबा,” ती म्हणाली. “पाणी कुठे जातं ते शिकायचंय.”

वडिलांनी वही ओढून घेतली. आपली मुलगी रविवारी सकाळी लवकर विहिरीवर जाते हे त्यांना माहीत होतं, ती तिथे काय करते हे माहीत नव्हतं. बराच वेळ ते पानं उलटत राहिले. मग एका रकान्यावर बोट ठेवून म्हणाले, “ही विहीर आधी कधी आटत नसे. वरचा चिरा संपून भुसा लागला आणि खड्ड्यात पाणी यायला लागलं, त्यानंतरचं हे. रात्रंदिवस पंप चालायचे. मी स्वतः पाहिलंय.”

ट्रकवाल्याने ‘भुसा’ म्हटलं ते चूर्णासारखं लोहखनिज. गोव्याच्या खाणपट्ट्यात जांभ्याच्या खाली हाच भुसभुशीत थर पाणी धरून ठेवतो. खड्डे भूजलाच्या पातळीखाली गेले, पाणी उपसून बाहेर टाकलं, आणि आसपासच्या विहिरी खाली गेल्या. पुस्तकात हे तिने वाचलं असेल, पण पंप कुठल्या बाजूला होते, पाणी कुठल्या ओहोळात सोडत, कुठल्या साली खड्डा किती खोल होता, हे तिच्या बापाला तोंडपाठ होतं. ती विचारत गेली, ते सांगत गेले, आणि ती वहीच्या मागच्या पानावर लिहून घेत गेली. माझ्या टेबलाशी रांग लागली होती. मी शिपायाला खूण करून मागच्यांना दुसऱ्या टेबलाकडे वळवायला सांगितलं.

पुढचं काम कागदाचं होतं, आणि इथेच मुलं फसतात म्हणून जरा सविस्तर लिहिते. इथला प्रवेश आधी रद्द करून मग तिकडे धावत जायचं नाही. तिकडे जागा आहे का, बारावीचे विषय चालतात का, फी भरायची शेवटची तारीख कुठली, हे आधी विचारायचं आणि जागा नक्की झाल्याचं लेखी हातात घ्यायचं. मगच इथे रद्द करण्याचा अर्ज. नाहीतर दोन्हीकडून हात रिकामे राहतात. मूळ मार्कलिस्ट आणि दाखले अडवून ठेवायचा कॉलेजला अधिकार नाही, यूजीसीने २०१८ च्या अधिसूचनेत ते स्वच्छ सांगितलंय. पडताळणी झाली की मूळ कागद परत द्यायचे.

फीचंही तसंच. त्याच अधिसूचनेतल्या तक्त्याप्रमाणे प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या किमान १५ दिवस आधी रद्द केलं तर शंभर टक्के, त्यानंतर तारखेपर्यंत ९०, तारीख उलटून १५ दिवसांपर्यंत ८०, ३० दिवसांपर्यंत ५०, आणि पुढे शून्य. २०२४-२५ साठी यूजीसीने आणखी सवलत दिली होती: ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण फी परत, ३१ ऑक्टोबरपर्यंत फार तर १००० रुपये कापून. वडिलांचा अर्धा राग भरलेल्या पैशांवर होता. तो तक्ता मी त्यांच्यासमोर ठेवला आणि शांतपणे वाचू दिला. हा कागद पहिल्याच दिवशी प्रत्येक पालकाच्या हातात पडायला हवा, असं माझं ठाम मत आहे. पैसे बुडतील या धास्तीने किती मुलं नको त्या वर्गात बसून राहतात!

दोघे त्याच दिवशी बस पकडून चौकशीला गेले. दोन दिवसांनी वडील एकटेच परत आले, नव्या कॉलेजचं पत्र आणि मुलीच्या सहीचा अर्ज घेऊन. स्वतःच्या सहीच्या जागी त्यांनी सावकाश, पूर्ण नाव लिहिलं. “रोज इतक्या लांब जायचं म्हणजे पहाटे उठावं लागणार हिला,” एवढंच म्हणाले. मी मूळ कागद मोजून दिले, पोच घेतली, परताव्यासाठी बँकेचा तपशील लिहून घेतला.

आता कॉम्प्युटर सायन्सची एक जागा रिकामी झाली होती. कोर्स बदलणाऱ्या मुलांना मी एवढ्या घाईने निर्णय घ्यायला लावते त्याचं दुसरं कारण हे. प्रत्येक जागेमागे वेटिंग लिस्ट उभी असते. ही मुलगी सप्टेंबरपर्यंत कुढत बसली असती तर ती जागा तिच्याही उपयोगाची नव्हती आणि दुसऱ्या कुणाच्याही नाही. यादीत पहिलं नाव सत्तरीतल्या एका मुलाचं होतं. फोन त्याच्या आईने उचलला. मुलगा वाळपईला एका मोबाईलच्या दुकानात कामाला लागला होता, पुढच्या वर्षी बघू म्हणत. मी तिला म्हटलं, आजच्या आज त्याला कळवा, उद्या दहाला कागद घेऊन या, फीची व्यवस्था नसेल तरी या, आपण बोलू.

सकाळी मी ऑफिस उघडायला आले तेव्हा मायलेक व्हरांड्यात बसले होते. साडेअकराला त्याच्या हातात पावती होती, आणि बाराच्या प्रॅक्टिकलला तो वर्गात होता.