वाफा क्रमांक तीन: लव्हाळ्याने प्लॅस्टिक भोसकलं

काळं प्लॅस्टिक हरलं. सहा आठवडे झाकून ठेवलेल्या तिसऱ्या वाफ्यावर आज सकाळी वाकून पाहिलं, तर दाभणाने टोचावीत तशी सतरा भोकं आणि प्रत्येक भोकातून लव्हाळ्याचं, म्हणजे मोथा या चिवट तणाचं, ताठ उभं हिरवं टोक. मागच्या नोंदीत ‘या वाफ्याचा प्रश्न मिटला’ असं लिहून मी मोकळा झालो होतो. ते वाक्य खोडत नाही. राहू दे तिथेच, पुढच्या वेळी जीभ आवरायला उपयोगी पडेल.

पहिल्या दोन वाफ्यांचं थोडक्यात सांगतो, कारण तिथे सगळं सुरळीत आहे. पेरणीआधी नुसतं पाणी द्यायचं, तण उगवू द्यायचं, दोन पानांवर आलं की वरचा बोटभर थर खरवडायचा, असं दोनदा केलं. तिसऱ्यांदा घोळ आणि दुधी ही तणं मिळून जेमतेम मूठभर निघाली. खरवडताना खोल जायचा मोह मात्र टाळा, खालचं झोपलेलं बी उजेडात येतं आणि केलेलं पाण्यात जातं. घोळ उपटून तिथेच टाकू नका हेही पुन्हा सांगतो. ओल मिळाली की ती आडवी पडल्या जागी मुळं धरते. कडेचं गाजरगवत फुलावर यायच्या आत काढलं, हातमोजे घालून.

आता लव्हाळा. प्लॅस्टिकचा कोपरा गुंडाळला आणि ठरवलं की आज उपटायचं नाही, फक्त बघायचं. एका पात्याच्या बाजूने हाताने माती सारत गेलो. पाऊण तासाने अखंड माळ हातात आली: नऊ गाठी, मधे काळसर तारेसारखे दुवे, एकही न तुटलेला. इतकी वर्षं लव्हाळा काढतोय, पण पूर्ण माळ पहिल्यांदाच पाहिली. खरं सांगतो, शत्रूची असली तरी फोटो काढण्याजोगी होती.

त्या माळेत माझी जुनी चूकही दिसली. नऊपैकी दोनच गाठींना कोंब होते. माळ शाबूत असते तोवर पुढची फुटलेली गाठ बाकीच्यांना दाबून ठेवते. तार तुटली की तो दाब जातो आणि झोपलेली प्रत्येक गाठ स्वतंत्र फुटायला मोकळी होते. दोन हंगामांपूर्वी याच वाफ्यात मी काट्याच्या फावड्याने दणादण खणलं होतं आणि वर ‘माती काय भुसभुशीत झाली!’ म्हणून खूश झालो होतो. मी तेव्हा लव्हाळ्याची लावणी करत होतो.

प्लॅस्टिक का फाटलं तेही आता नीट कळलं. काळ्याखाली अंधार असतो, त्यामुळे कोंब पान उलगडतच नाही. सुईसारखा मिटलेला राहतो आणि वर ढकलत राहतो. पारदर्शक प्लॅस्टिकखाली त्याला उजेड दिसतो, तो आतच पानं पसरतो, टोक बोथट होतं आणि मग उन्हाच्या तापाने आतल्या आत करपतो. म्हणजे मी नेमकं उलटं प्लॅस्टिक निवडलं होतं. बाकी तणांना काळं उत्तम, पण हा पडला मोथा. पुरात तगणाऱ्या जातीला माझ्या कागदाइतक्या पातळ प्लॅस्टिकचं काय!

लव्हाळ्यावर व्हिनेगर चालतं का, असं दोघांनी विचारलं होतं. स्वयंपाकातलं पाच टक्क्यांचं मारून पाहिलं. पातं दुपारपर्यंत तपकिरी, आठवड्यात नवं हजर. गाठीला काही कळतसुद्धा नाही. बियांतून नुकत्याच उगवलेल्या कोवळ्या तणावर ठीक, इथे वाया. हत्यारांत माझं मत पक्कं झालंय: अरुंद पात्याचं, टोक असलेलं खुरपं. रुंद खुरपं पातं कापतं आणि गाठ खाली तशीच ठेवतं. लांब दांड्याचं कोळपं पहिल्या दोन वाफ्यांत सोनं आहे, तिसऱ्यात नुसता व्यायाम. आणि हा लव्हाळा आला कुठून? विकत आणलेल्या ‘चाळलेल्या’ मातीतून, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आता बाहेरची कुठलीही माती आली की आधी एका कुंडीत ओली करून महिनाभर ठेवतो. उगवायचं ते तिथे उगवू दे.

गंमत म्हणजे जिंकतोय तो चौथा वाफा, जिथे मी काहीच हुशारी केलेली नाही. दर पंधरा दिवसांनी, वाफसा असताना (माती ओलसर, पण चिकट नसताना), दिसेल तो कोंब खुरप्याच्या टोकाने बुडातून काढायचा आणि मोजायचा. नव्या गाठी धरायला कोंबाला साधारण तीन-चार आठवडे लागतात, त्याच्या आत हात फिरवायचा. गाठीतला साठा प्रत्येक फुटव्याला खर्च होतो आणि भरून येत नाही. आकडे: २१२, १६८, १७१, ९४. तिसऱ्या आकड्याला मी खुरपं फेकलं होतं. शंभराच्या आत पहिल्यांदाच आलोय, तेव्हा आज स्वतःला चहा जास्त.

तिसऱ्या वाफ्याचा बेत असा होता: उद्या पाणी देऊन पारदर्शक प्लॅस्टिक ताणायचं, कडा मातीत गाडायच्या, चार ते सहा आठवडे. पण आठवडाभर आभाळ भरलेलंच आहे. कडक उन्हाशिवाय त्या प्लॅस्टिकखाली लव्हाळ्याला उबदार घर मिळेल, दुसरं काही नाही. हे लिहिताना सुचतंय, ताग का नको? लव्हाळ्याला सावली अजिबात सोसत नाही आणि ताग दाट फेकला तर बघता बघता डोक्यावर जातो. फुलावर येताना कापून तिथेच आच्छादन. खणायचं नाही, म्हणजे माळाही तुटणार नाहीत. चवळीही चालेल, पण ती पसरेपर्यंत लव्हाळा वर निघून जाईल. ठरलं तर मग, अर्ध्या वाफ्यात ताग, अर्ध्यात चौथ्यासारखी मोजणी. प्लॅस्टिक उन्हाळ्यासाठी घडी घालून ठेवतो.

काढलेल्या गाठी खताच्या ढिगात जात नाहीत. आधी पत्र्यावर वाळतात, खडखडीत झाल्या की पुढे. आठ दिवसांपूर्वीच्या आत्ताच उलथून आलो. वरच्या सुरकुतल्यात, पण पत्र्यावरच्या ढिगाच्या तळाशी, सावलीत दबलेल्या एका गाठीला पांढरं टोक फुटलंय.