रसग्रहणात ‘भाषा साधी-सोपी आहे’ किती दिवस लिहिणार?

गाईडमधून पाठ केलेलं रसग्रहण पहिल्याच ओळीत ओळखू येतं. ‘कवीने निसर्गाचे सुंदर वर्णन केले आहे’ हे वाक्य कोणत्याही कवितेखाली खपतं, म्हणजे ते कोणत्याच कवितेचं नसतं.

दहावीच्या मराठी कुमारभारतीच्या पेपरात रसग्रहणाला ४ गुण. मुद्दे तीन: आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये. पोरं पहिल्यावर अर्धं पान घालवतात आणि तिसऱ्याशी येईपर्यंत त्यांची शाई आटते. म्हणून सुरुवात शब्दापासून करून घ्या. तुकोबांची ओळ घ्या: ‘वृक्षवल्ली आम्हां सोयरीं वनचरें’. सोयरे म्हणजे कोण, एवढंच विचारा. आपल्या गावात उत्तर लगेच येतं: ज्यांच्याशी सोयरीक झाली ते. लग्नाच्या पंगतीत ज्यांचा मान सांभाळावा लागतो ते. तो मान तुकोबा झाडावेलींना देतात. झाला आशय.

मग अलंकार. निम्मा वर्ग ‘उपमा’ म्हणेल. त्यांना ओळीत ‘सम’, ‘सारखा’, ‘जसा’, ‘परी’ यांतला एक तरी शब्द शोधायला लावा. सापडत नाही, कारण ‘सोयऱ्यांसारखी’ नव्हे, थेट ‘सोयरीं’ म्हटलंय, म्हणून रूपक. पुढे ‘पक्षीही सुस्वरें आळविती’. वनचरें–सुस्वरें हे यमक सगळ्यांना दिसतं, पण ‘पक्षीही’मधला ‘ही’ सुटतो. आपण आळवतोच, सोबत पक्षीही आळवतात! त्या एका अक्षरावर दोन वाक्यं नक्की निघतात.

निबंधाचं दुखणं वेगळं. यवतमाळकडच्या पोराच्या पावसाळ्यात समुद्राच्या लाटा कशा येतात, ते गाईडवालाच जाणे. ८ गुणांच्या लेखनाला २५ मिनिटं धरली, तर पहिली ५ कच्च्या कामाची. मागच्या पानावर डोळे, कान, नाक, हात असे चार शब्द लिहायचे आणि प्रत्येकापुढे दोन-तीन गोष्टी. विषय कापूस वेचणीचा असेल तर ओटीत साचत जाणारा कापूस, पाठीवरचं ऊन, संध्याकाळी वजनकाट्याभोवतीची गर्दी. ‘मजूर खूप कष्ट करतात’ खोडून ‘वाळल्या बोंडांची टोकं बोटांच्या पेरांत सलत होती’ असं लिहिलं की कष्ट वेगळे सांगावे लागत नाहीत. शेवटची ३ मिनिटं फक्त वाचायला.

आत्मकथनात हमखास होणारी चूक: बैल ‘मी’ म्हणत बोलायला लागतो आणि तिसऱ्या परिच्छेदात ‘बैल हा शेतकऱ्याचा मित्र आहे’ अशी माहिती देतो. प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं क्रियापद तपासलं की ही चूक सापडते.

आणि वऱ्हाडी बोली? निवेदन प्रमाण भाषेत ठेवा, संवाद अवतरणात जसाच्या तसा येऊ द्या. ‘काहून रे राजा, आज कुटार नाई खाल्लं?’ यावर लाल पेन चालवू नका. ‘काहून’चं ‘का’ केलं की बैलाचा धनी एकदम पुण्याचा होतो.